गूज लेक प्रेअरीवरची माझी पहिली पक्षीगणना (आणि त्याआधीचे सहा महिने)

अर्जात एक रकाना होता: ‘आपण अमेरिकेचे नागरिक किंवा कायम रहिवासी नसल्यास व्हिसाचा प्रकार लिहा.’ मी तिथे एच-फोर लिहिलं आणि लॅपटॉप बंद करून टाकला. १५ जानेवारी २०२४ची गोष्ट. संक्रांत होती, बाहेरचा पारा उणे वीसच्याही खाली गेलेला, आणि तिळाचे लाडू वळता वळता मी विचार करत होते की पाखरं मोजायला व्हिसा कशाला लागतो.

आधी थोडं माझ्याविषयी, म्हणजे हे कुणासाठी लिहितेय ते कळेल. वय ४३, मूळची सोलापूरची. पुण्यात बारा वर्षं अकाउंट्सची नोकरी केली, मग नवऱ्याच्या कामामुळे शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आलो. माझा व्हिसा अवलंबिताचा, त्यामुळे पगाराची नोकरी करता येत नाही. पक्ष्यांमधलं मला काडीचं कळत नव्हतं. वाचनालयाच्या फलकावर एका स्वयंसेवी गटाचा कागद लावलेला दिसला: गवताळ भागातल्या पक्ष्यांच्या जूनमधल्या गणनेसाठी माणसं हवीत, अनुभवाची अट नाही. अट खरंच नव्हती. परीक्षा होती, ते मागाहून कळलं.

एच-फोरवरच्या बायकांसाठी हे आधीच सांगते, कारण मला स्वतःला याची फार धास्ती होती. मोबदला न घेता, खरोखरीच्या स्वयंसेवेचं काम या व्हिसावर करता येतं. एरवी ज्यासाठी पगार देऊन माणूस ठेवला असता असं काम मात्र फुकटातही करायचं नाही. तरी मी नवऱ्याच्या कंपनीच्या वकिलांना मेल टाकून विचारलं. दोन दिवसांत उत्तर आलं, ‘हरकत नाही’. ते उत्तर जपून ठेवलंय. गट पेट्रोलचे पैसे परत द्यायला तयार होता, ते मी घेतले नाहीत. घेतले असते तरी बहुधा चाललं असतं, पण आपल्या फाइलमध्ये प्रश्न उभा राहील असं काही नको, इतकाच हिशेब.

अर्ज १९ जानेवारीला पाठवला आणि २४ला परत आला. चूक माझीच. ‘आणीबाणीत कुणाला कळवायचं’ या ओळीत मी सवयीनं सोलापूरला अण्णांचा नंबर लिहिला होता. समन्वयक बाईंनी नम्रपणे विचारलं होतं, याच देशातलं कुणी आहे का? नवऱ्याचा नंबर घातला. सोबत ‘काही झाल्यास जबाबदारी आमची नाही’ असं लिहून देणारा दोन पानी कागद होता. त्यात गोचिडी, साप, वीज, खड्डे आणि शिकाऱ्यांच्या बंदुका यांचा क्रमवार उल्लेख. सही करताना हात जरा अडखळला.

फेब्रुवारीतल्या दोन शनिवारी, १० आणि २४ तारखेला, ऑनलाइन प्रशिक्षण झालं. तिथे काम समजलं. माळावर ठरवलेले दहा बिंदू असतात, एकमेकांपासून साधारण २५० मीटरवर. प्रत्येक बिंदूवर पाच मिनिटं उभं राहायचं आणि जे दिसेल, ऐकू येईल ते लिहायचं. त्यातही ७५ मीटरच्या आतलं एका रकान्यात, बाहेरचं दुसऱ्यात. अंतराचा अंदाज कसा घ्यायचा यावर तिथे बरीच चर्चा झाली; मी वहीत लिहिलं, ‘क्रिकेटच्या मैदानाची सीमारेषा’. तेवढ्यानं माझा प्रश्न सुटला. सुरुवात सूर्योदयाला. जूनमध्ये दोन फेऱ्या. पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर दिवस पुढे ढकलायचा.

मग शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की गवतातल्या गणनेत दहातले आठ-नऊ पक्षी कानानंच टिपायचे असतात. मी तोवर १४० डॉलरची दुर्बीण मागवून मोकळी झाले होते. (८ बाय ४२ची, दुरुस्त करून विकलेली. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला एवढी पुरते. माझी सूचना मात्र अशी की आधी महिनाभर आवाज ऐका, दुर्बिणीचं नंतर बघा. वाचनालयातूनही उसनी मिळते कधीकधी.)

माझ्या वाट्याला गूज लेक प्रेअरी आली. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात प्रेअरी, पंपास, स्टेप्स, डाउन्स अशी यादी पाठ केली होती आणि मला वाटायचं प्रेअरी म्हणजे अजूनही तशीच क्षितिजापर्यंत पसरलेली असेल. आमच्या इलिनॉय राज्याला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात, गाड्यांवर, शाळांवर, रस्त्यांवर हे नाव दिसतं. प्रत्यक्षात एकेकाळच्या सव्वादोन कोटी एकरांच्या आसपासच्या गवताळ प्रदेशापैकी चांगल्या अवस्थेतला, मूळचा म्हणावा असा माळ आता एक टक्क्याचा दहावा हिस्सासुद्धा उरलेला नाही. १८३७ साली याच राज्यात जॉन डिअर नावाच्या लोहारानं पोलादी फाळाचा नांगर बनवला. गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली चिकट काळी जमीन त्यानं सरळ उलटता यायला लागली. पुढच्या दोन पिढ्यांत सगळा मका झाला. जुनं गवत टिकलं ते रेल्वेच्या कडेला, जुन्या दफनभूमींच्या कुंपणात, आणि गूज लेकसारख्या थोड्या जागी. राज्यानं ही जमीन १९६९पासून ताब्यात घेतली. अडीच हजार एकरांच्या आसपास आहे. नावातलं तळं मात्र नाही! चिकणमाती खणायला आणि शेतीसाठी ते शंभरेक वर्षांपूर्वीच उपसून टाकलं. तिथे जायच्या रस्त्याचं नाव आजही जगटाउन रोड, म्हणजे बरण्या-रांजणं घडवणाऱ्यांची वस्ती.

हे ऐकताना मला नान्नज आठवत होतं. लहानपणी बार्शीला मावशीकडे जाताना एसटी नान्नजवरून जायची. तिथलं माळढोक अभयारण्य १९७९चं, म्हणजे माझ्याहूनही थोडं जुनं. वनखात्याची पाटी खिडकीतून दरवेळी दिसायची, आणि दरवेळी मोठी माणसं म्हणायची, ‘त्या माळावर काय आहे बघण्यासारखं?’ मी एकदाही उतरले नाही. माळढोक पाहिला तो फक्त चित्रात.

१६ मार्चला पहिल्यांदा माळ बघायला गेले आणि माळ काळाठिक्कर होता. म्हणजे अर्धा. वसंतात मुद्दाम जाळतात. सगळा एकदम नाही, तुकड्या-तुकड्यानं, एक तुकडा या वर्षी, दुसरा पुढच्या. झुडपं माजत नाहीत, मुळं खोल असल्यानं गवताला काही होत नाही, उलट जमीन उबदार होऊन कोंब लवकर येतात. कुठे राख, कुठे गुडघाभर वाळकं गवत, पलीकडे विजेच्या तारांचे मोठमोठे मनोरे आणि ड्रेस्डेन अणुवीज केंद्र. मी नवऱ्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: ‘यासाठी चाळीस मैल गेलीस?’

गंमत म्हणजे हे जळलं-न जळलं पुढे फार कामाला आलं. हेन्स्लोज् स्पॅरो नावाच्या पक्ष्याला दोन-तीन वर्षं न जळलेलं, खाली वाळक्या काडीचा जाड थर साचलेलं गवत लागतं. ग्रासहॉपर स्पॅरोला उलट विरळ, आखूड गवत, मध्ये उघडी जमीन. त्यामुळे कोणता तुकडा कधी जाळला हा नकाशा हातात असेल तर पक्षी दिसण्याआधीच निम्मा अंदाज येतो. नकाशा मागून घ्या. मी मागितला नव्हता, मेमध्ये मिळाला. (स्पॅरो म्हटलं तरी या आपल्या घरातल्या चिमण्या नव्हेत. आपल्याकडच्या भारीटांच्या जवळच्या म्हणा.)

एप्रिल सगळा आवाज पाठ करण्यात गेला. परीक्षेत ३० ध्वनिमुद्रणं ऐकवणार, त्यातली २४ ओळखायची. इंग्रजी पुस्तकांत प्रत्येक आवाजासाठी इंग्रजी शब्द जुळवलेले असतात आणि ते माझ्या डोक्यात बसेनात. पहिल्या परीक्षेत, १३ एप्रिलला, १७ आले. नापास. लेक म्हणाली, ‘आई, तू मराठीत पाठ कर ना.’ तेवढं एक वाक्य आणि गाडी रुळावर आली. माझी यादी देते, कुणाला उपयोग झाला तर:

मेडोलार्क, पिवळ्या छातीवर काळा ‘व्ही’ असलेला: लांब, गोड, शेवटी उतरणारी हाक, ‘अगं ये ना गं’. यलोथ्रोट: ‘विटेवरी-विटेवरी-विटेवरी’, हा मी सोलापूरची असल्यामुळे जन्मात विसरणार नाही. सेज रेन: दोन-तीन टाके जपून आणि मग भरधाव, आजीचं शिवणयंत्र. फील्ड स्पॅरो: फरशीवर पडलेली गोटी, टप्पे जवळ जवळ येत थांबणारी. रेडविंग्ड ब्लॅकबर्ड: गंजलेलं फाटक. बोबोलिंक: जुन्या ट्रान्झिस्टरवर स्टेशन शोधताना. हा पठ्ठ्या हिवाळ्याला थेट दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिनापर्यंत जातो. हेन्स्लोज्: एकच उचकी, ‘त्सिलिक’, बस्स. एवढ्याशा आवाजावर त्याचं लग्न कसं ठरतं देव जाणे. आणि ग्रासहॉपर स्पॅरो: दोन बारीक टिचक्या आणि मग कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते तसं ‘झीईईई’. डिकसिसल स्वतःचं नावच घोकत असतो, त्याला काही करावं लागलं नाही.

२७ एप्रिलला दुसऱ्यांदा बसले, २६ आले. शिवाय प्रत्येक पक्ष्याचं चार अक्षरी लघुनाम पाठ करायचं होतं, तक्त्यात तेच लिहितात: ईस्टर्न मेडोलार्क ‘ईएएमई’, हेन्स्लोज् ‘एचईएसपी’. अकाउंट्समध्ये आयुष्य घालवलेल्या बाईला संकेतांक पाठ करणं जड नाही. इथे मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

पहिल्या वर्षी नवख्याला एकटं सोडत नाहीत, जुन्या माणसाबरोबर जोडी लावतात. माझे जोडीदार ७८ वर्षांचे, निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, या माळावर कित्येक वर्षं मोजणारे. पहिल्याच भेटीत म्हणाले, मला नावानं हाक मार. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला नावानं हाक मारायला माझी जीभ काही रेटेना, म्हणून मी हाक मारायचंच टाळलं. इथे त्यांना मास्तर म्हणते.

११ मेचा सराव पावसानं गेला. १८ मेला पहाटे चारला घरून निघाले. एकटीनं अंधारात हायवेवर गाडी चालवायची माझी ही पहिलीच वेळ. आय-५५वर ट्रकच ट्रक, आणि लोरेन्झो रोडला उतरल्यावर एकदम काळोख. हरणं रस्त्यात येतात, तेव्हा शेवटचे आठ-दहा मैल हळू चालवा. पोचल्यावर दुसरी धाकधूक. अणुवीज केंद्राच्या शेजारी, उजाडायच्या आत, दुर्बीण गळ्यात घातलेली एक सावळी बाई. कुणी विचारलं तर? मास्तरांनी नारिंगी जाकीट दिलं, परवान्याची प्रत गाडीच्या काचेमागे ठेवायला सांगितली आणि म्हणाले, ‘जाकीट घातलं की कुणी बघतसुद्धा नाही.’ खरंच कुणी बघितलं नाही.

पहिल्या बिंदूवर पाच मिनिटं उभे राहिलो. मास्तरांनी विचारलं, ‘काय ऐकलंस?’ नावं पटकन सुचेनात, म्हणून मी जसं डोक्यात होतं तसं सांगितलं: एक शिवणयंत्र डावीकडे, दोन विटेवरी, एक गंजलेलं फाटक आणि समोर कुकर. हे सगळं इंग्रजीत समजावताना माझीच तारांबळ उडाली. ते खो खो हसले. मग थांबले आणि विचारलं, ‘वाफ कुठे म्हणालीस?’

समोर, कुंपणाच्या तारेवर, जेमतेम पिचच्या लांबीवर. त्यांनी दुर्बीण लावली. बराच वेळ बघत राहिले. ‘हो, गातोय,’ म्हणाले. ‘चोच उघडलेली दिसते. मला आवाज नाही येत.’ टीव्ही म्यूट केल्यासारखं.

ग्रासहॉपर स्पॅरोचा आवाज फार वरच्या पट्टीतला असतो, आणि वय वाढतं तशी कानाची वरची पट्टी आधी जाते. मास्तरांची साठीनंतर कधीतरी गेली. कधी, ते त्यांना नेमकं सांगता येईना. त्यांनी जे सांगितलं ते मी त्या दिवशी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं. त्यांच्या तक्त्यांत ग्रासहॉपर स्पॅरोचे आकडे वर्षागणिक घसरत होते. त्यांना वाटलं पक्षी कमी होतोय. वाटणारच, २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार उत्तर अमेरिकेतले गवताळ प्रदेशातले पक्षी १९७०पासून निम्म्याहून अधिक घटलेत. मग एका वर्षी नातीला बरोबर नेलं आणि तिनं विचारलं, ‘आजोबा, हा सतत झी झी करणारा कोण?’ त्यांनी समन्वयकांना कळवलं, आपल्या जुन्या आकड्यांपुढे शेरा लिहायला लावला, आणि तेव्हापासून ते दर वर्षी कुणीतरी कमी वयाचं बरोबर मागतात.

मी अकाउंट्सची. तक्त्यात शून्य लिहिलेलं असलं की ते कुणी लिहिलं हे बघायची सवय आहे मला. पण शून्य असं दोन तऱ्हांनी येतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

घरी आल्यावर मी इंटरनेटवर कानाची पट्टी तपासणारी चाचणी लावून बघितली. लेकीला जे शेवटचे दोन टप्पे ऐकू येत होते, ते मला येत नव्हते. माझ्याकडेही फार वर्षं नाहीत.

मेच्या शेवटच्या आठवड्यात घरी सराव अशक्य झाला. सतरा वर्षांनी जमिनीतून वर येणारे सिकाडा नावाचे किडे त्या वर्षी आमच्या भागात निघाले होते; याआधी २००७मध्ये. अंगणातल्या ओक-मेपलवर इतका कल्लोळ की फोनवरची मुद्रणंसुद्धा ऐकू येईनात. मी घाबरून मास्तरांना मेल केला. उत्तर आलं: ‘सिकाडा झाडांच्या मुळांवर वाढतात. माळावर झाडं नाहीत.’ आणि तसंच होतं. काठावरच्या झाडीतून लांबून घरघर येत होती, मध्ये माळ मोकळा.

पहिली फेरी शनिवार ८ जूनला ठरली होती, हवा बिघडल्यामुळे रविवारी, ९ तारखेला केली. सूर्योदय सव्वापाचच्या सुमारास, आम्ही पाचलाच पहिल्या बिंदूवर. पुस्तकात वाचून पुरुषभर उंच गवताची अपेक्षा ठेवू नका. बिग ब्लूस्टेम तेवढं वाढतं ऑगस्ट-सप्टेंबरात. जूनमध्ये गुडघ्याच्या थोडं वर. दव मात्र असं की दुसऱ्या बिंदूला पोचेपर्यंत पँट मांडीपर्यंत भिजलेली. ३५ डॉलरचे गमबूट सार्थकी लागले. आणि चहा पिऊन जाऊ नका. मी थर्मास भरून नेला होता. त्या वेळी माहिती केंद्र बंद असतं, आडोसा म्हणून एक झुडूप नाही, पाच तास. बायकांनो, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतेय.

चौथ्या बिंदूपर्यंत सगळं ठीक चाललं. पाचव्यावर पाच मिनिटं सुरू झाली आणि डोक्यावर फटका बसला. रेडविंग्ड ब्लॅकबर्डचा नर, घरटं जवळपास असणार. घड्याळ सुरू असताना हलायचं नाही असा नियम, आणि तो दर अर्ध्या मिनिटाला मागून येऊन टोपीवर आदळतोय. मास्तर शांतपणे तक्ता भरत म्हणाले, ‘हा एक पंचाहत्तर मीटरच्या आत धर.’

सातवा बिंदू न जळलेल्या तुकड्यात. तिथे मला काहीच ऐकू येईना. लांबवर मेडोलार्क, एक भोवत्या (आपल्याकडे हिवाळ्यात येतात त्यांचाच भाऊबंद, नॉर्दर्न हॅरियर) गवतावरून तरंगत गेला, बाकी वारा. तीन मिनिटं गेली. मग अगदी पायाशी, कुणीतरी दाबून दिलेली उचकी. त्सिलिक. मी मास्तरांकडे बघितलं, ते माझ्याकडे बघत होते. त्यांना काही आलं नव्हतं. पुन्हा, उजवीकडे थोडं लांब दुसरी. दोन. मी दोन बोटं दाखवली. त्यांनी लिहिलं, आणि माझ्या शब्दावर लिहिलं, दुर्बीणही न उचलता. परीक्षेपेक्षा हे जास्त अवघड होतं. खात्री आहे का, खात्री आहे का, असं मी उरलेली दीड मिनिटं स्वतःलाच विचारत होते. शेवटी त्यातली दुसरी उचकी मी खोडायला लावली. लांबची होती, पहिलाच पक्षी सरकला असण्याची शक्यता होती. ‘शंका असेल तर कमी लिही,’ हे प्रशिक्षणातच सांगितलेलं.

एकूण दहा बिंदू, चार तास पाच मिनिटं. गाडीत बसल्यावर मी वीस मिनिटं नुसती बसून राहिले आणि मग पोळीचा लाडू खाल्ला.

घरी आल्यावर काखेत गोचीड. कपड्यांवर पर्मेथ्रिनचा फवारा (१६ डॉलर) मारला होता, मोजे पँटवरून ओढले होते, तरीही. चिमट्यानं डोक्याजवळ धरून सरळ ओढायची, पिरगाळायची नाही, चिकटपट्टीत चिकटवून तारीख लिहून ठेवायची. पुढे ताप किंवा चट्टा आला तर डॉक्टरांना दाखवता येते. काही झालं नाही. पण माळावरून आलं की कपडे थेट ड्रायरमध्ये, कडक उष्णतेवर, आणि अंघोळ लगेच. हे शिस्तीनं करा.

दुसरी फेरी २२ जून. आदल्या दिवशी वटपौर्णिमा झालेली, त्यामुळे पहाटे निघाले तेव्हा नैऋत्येला चंद्र पूर्ण गोल आणि अगदी खाली, विजेच्या मनोऱ्यांमध्ये अडकल्यासारखा. आठवडाभर उकाडा होता. या वेळी माळ वेगळाच ऐकू आला: मेडोलार्क थोडे गप्प, डिकसिसल दुप्पट, प्रत्येक उंच काडीवर एक जण नाव घोकतोय. सातव्या बिंदूवर हेन्स्लोज् एकच. कुंपणाच्या तारेवरचा ग्रासहॉपर स्पॅरो होता तिथेच होता, चोचीत टोळ धरून, म्हणजे पिल्लं असणार. चोच भरलेली म्हणून तोही गात नव्हता. ‘आज आपण सारखेच,’ मास्तर म्हणाले.

एकूण खर्च: दुर्बीण १४०, बूट ३५, फवारा १६, सहा वेळा जाण्या-येण्याचं पेट्रोल साधारण ७२. प्रवेशाला, प्रशिक्षणाला, परीक्षेला काही नाही. कुणाला गणना न करता नुसतं बघायचं असेल तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पहाटे जा, पायवाट सोडू नका (जमिनीवरची घरटी पायाखाली येतात), आणि जवळच विल्मिंग्टनला मिडेविन आहे तेही बघा. पूर्वीच्या दारूगोळा कारखान्याच्या जमिनीवर १९९६पासून पुन्हा प्रेअरी उभी करताहेत, २०१५मध्ये बायसन, म्हणजे अमेरिकी गवेसुद्धा आणलेत. प्रेअरी चिकन बघायची आशा मात्र इथे धरू नका. हा नाचणारा कोंबडीएवढा पक्षी इलिनॉयमध्ये आता फक्त दक्षिणेकडच्या जॅस्पर आणि मॅरियन काउंटींत थोडासा उरलाय. अण्णांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, ‘म्हणजे त्यांचा माळढोकच म्हण की.’ पुढच्या वेळी सोलापूरला गेले की नान्नजला उतरायचं, असं आमचं ठरलंय. काही दिसेल असं नाही.

तक्ते ऑनलाइन भरायची मुदत ३१ जुलै. मी ३ जुलैला दोन्ही फेऱ्यांचे आकडे भरले, तीनदा ताळा केला, मास्तरांना दाखवले आणि पाठवले. पाचव्या दिवशी समन्वयक बाईंचा मेल आला. मी धडधडत्या छातीनं उघडला. पहिल्या फेरीत नवव्या बिंदूची सुरुवातीची वेळ भरायची राहिली होती. मूळ कागदाचा फोटो काढून ठेवला होता (काढून ठेवाच), त्यात दवानं शाई पसरलेली. भिंग लावून बघितलं, मग लेकीला बघायला लावलं. ८ वाजून २२ मिनिटं.